मेसमेखालाची देग

मी अझरबैजानातल्या लाहिज गावच्या तांबटाने ठोकून घडवलेली देग. पुलाव शिजवणं हा माझा धर्म. मेसमेच्या लग्नात तिच्या आईने मला दिलं. पुढे मेलबर्नला निघताना मेसमेने माझ्या पोटात दोन पांघरुणं आणि लेकीचे, तुनझालेचे, कपडे कोंबले नि मला विमानात चढवलं.

तेव्हा त्या शहरात आमची अझरबैजानी घरं मोजून पाच. नवरोझला सगळी मेसमेच्या अंगणात जमायची. केशरी भात, मटण, जर्दाळू; आणि तळाच्या खमंग खरपुडीवरून मोठी माणसंही भांडायची. हळूहळू माणसं वाढली. कुणी शिकायला आलं, कुणी नोकरीला. नव्या माणसाचं पहिलं जेवण मेसमेखालाकडे, म्हणजे मेसमेमावशीकडे, हे ठरलेलंच. आगासलीम तर तिच्याकडे सात महिने राहिला. नंतर तोच नवख्यांना विमानतळावरून थेट तिच्या दारात आणून सोडायचा.

चाळीस घरं झाली, मग दोनशे. मंडळ निघालं, हॉल झाला, आगासलीम अध्यक्ष झाला. नवरोझच्या बैठकीत मेसमे भाताचं विचारायला गेली, तर तो चारचौघांत म्हणाला, "खाला, यंदा आचारी सांगितलाय. तुमच्या देगेत एवढ्यांचं कसं भागणार?"

घरात 'तू' म्हणणारा तिला 'तुम्ही' म्हणाला. मला घासता घासता तिने हे लेकीला सांगितलं, आणि पुन्हा हॉलची पायरी चढली नाही.

जाऊन तिची समजूत काढायचं आगासलीमच्या मनात होतं. पण आज हे काम, उद्या ते. चार वर्षं गेली. पाचव्या हिवाळ्यात मेसमे वारली.

चाळिसाव्या दिवसाचा हलवा करायला तो स्वतः आला. पीठ परतताना त्याने विचारलं, देग इतकी वर्षं पडूनच होती का.

"नाही," तुनझाले म्हणाली. "दर नवरोझला आई देग भरून भात करायची. म्हणायची, कुणीतरी नवं येईल. संध्याकाळी शेजारी वाटून टाकायची."

"कुणीच आलं नाही?"

"तूच आणायचास ना, दादा."

त्याचा हात थांबला. पीठ तळाला लागलं, करपलं, तरी त्याला भान नव्हतं.

आता मी हॉलच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर असते. नवरोझला आगासलीम येतो, मला पुसतो, परत ठेवतो. शिजवत मात्र नाही.

पुसू नका रे मला. परवा आमच्या देशातल्या शेकीहून एक जोडपं आलं होतं. हॉलच्या बंद दारावरची पाटी वाचून परत गेलं. मला खाली उतरवा, कल्हई करा, कुणाच्या तरी घरी चुलीवर चढवा. ती दोघं अजून कुणाकडे जेवलेली नाहीत.