नळी आणि कवळी

वेंडल पर्डी स्टुडिओतल्या बाथरूमची कडी लावून बसला आणि त्याचं रेकॉर्डिंग करणाऱ्या मार्कीसने मला फोन केला. नवरा सोडून जमाना झाला, तरी त्याच्या कड्या उघडायला अजून मीच लागते.

"मिस ओझेला, तुम्ही या. अंकल सकाळपासून आत आहेत. ओ देत नाहीत."

"नळ सोडल्याचा आवाज येतोय?"

"नाही."

"मग रुसलाय. आले."

मार्कीसचा स्टुडिओ म्हणजे त्याच्या बापाचं टायरचं दुकान. भिंतींना फोम लावला, पण रबराचा वास काही गेला नाही. मी डब्यात तळलेला कॅटफिश घेतला. वेंडल दार उघडतो ते टाळ्यांना नाहीतर माशाला, आणि टाळ्या माझ्याकडे शिल्लक नव्हत्या.

डेटनच्या या पश्चिम भागात आमच्या वयाचं जे कोणी आहे, त्याने एकतर नाचायला लावणाऱ्या फंक बँडमध्ये वाजवलंय, नाहीतर वाजवणाऱ्याशी लग्न केलंय. मी दोन्ही केलं, म्हणजे दोन्हीकडून बुडाले. वेंडलचं मात्र एके काळी जोरात होतं. त्याच्या गाण्यांवर अख्खा ओहायो नाचायचा. मग दौऱ्यांच्या बसगाड्या गेल्या, ट्रम्पेटवाले गेले, मी गेले. तो कारखान्यात मोटारींचे मफलर, म्हणजे सायलेन्सर, बसवायला लागला. पुढे कारखानाही गेला.

आणि मागच्या वर्षी लंडनहून मिस्टर ग्रिमशॉ नावाचा गोरा, फिक्कट माणूस उगवला. आमच्या जुन्या तबकड्या त्याला तोंडपाठ. म्हणाला, नवा अल्बम करा, मी काढतो. वेंडल एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. गाणी झाली, बास झाला, कीबोर्ड झाला. मला त्याचं कौतुक करायची हौस नाही, पण हात अजून जागेवर आहेत.

राहिली होती फक्त नळी. कीबोर्डचा सूर प्लास्टिकच्या नळीतून तोंडात घ्यायचा, गळा बंद ठेवायचा, आणि ओठ, जीभ, दात हलवून त्या सुराचे शब्द करायचे. यंत्र माणसासारखं रडतं. वेंडल पर्डी म्हणजे तो आवाज. ग्रिमशॉने बजावलं होतं, "तो आवाज नसेल तर अल्बम नाही. शुक्रवार शेवटचा."

आज शुक्रवार. महिनाभर वेंडलची कारणं चालली होती. सर्दी, मग खोकला, मग फुलांच्या परागांची ॲलर्जी. मी जन्मभर बायकांचे केस धुतले. बेसिनमध्ये मान टाकून, छताकडे बघत बायका जे खोटं बोलतात, त्यातलं मी सगळं ऐकलंय. पण फेब्रुवारीच्या बर्फात पराग, हे नवीन होतं.

मी दारावर थाप मारली. "वेंडल, मासा आणलाय."

आतून आवाज आला, "काटे काढलेत?"

"तुला कधीपासून काट्यांची भीती? शेपटीसकट चावून खायचास."

त्याच्या त्या दोन शब्दांतही हवा सुटत होती, फुटक्या भात्यासारखी. माझ्या लक्षात आलं.

"वेंडल, दात कुठेत?"

"हातात."

कडी निघाली. वेंडल कमोडच्या झाकणावर बसला होता, वरची कवळी मुठीत. सगळे दात त्या नळीनेच हलवले होते, वर्षानुवर्षं कवटी हादरवून. शरद ऋतूत डॉक्टरने उरलेले काढले. कवळी घातली की माइकमध्ये खडखडते. काढली की शब्दांची पेज होते. मार्कीसने मला रेकॉर्डिंगचा एक तुकडा ऐकवला. ओल्या गोधडीखालून कुणीतरी मदत मागतंय असं वाटत होतं.

"अंकल, मी कॉम्प्युटरवर करून देतो ना. कुणाला कळणार नाही."

"त्यापेक्षा मला पुर." वेंडल माझ्याकडे वळला. "झेला, मला तोंडावरून कुणी ओळखत नाही. बँकेत नाही, चर्चमध्ये नाही. आवाज ऐकला की म्हणतात, अरे, हा तो! तो गेला तर मी कोण? मफलरवाला म्हातारा."

त्याने कवळी धरलेल्या मुठीने डोळे पुसले. या माणसाला मी खोटं रडताना खूपदा पाहिलंय. हे ते नव्हतं.

"सूर हातातून येतो ना?" मी म्हटलं. "तुझे हात धड आहेत. तोंड कुणाचंही चालेल. तुझ्या शेजारी उभी राहून रोज रात्री मी गायले. कुठल्या शब्दाला तू कुठला गाल ओढतोस ते मला ठाऊक आहे."

"माझी नळी दुसऱ्याच्या तोंडात जाणार नाही!"

"तुझं तोंड कुठेकुठे गेलंय ते मला सांगायला लावू नकोस. नळीचं कसलं सोवळं?"

मार्कीस खोकला. मी नळी भांड्यांच्या साबणाने दोनदा धुतली.

गाणं होतं 'परत ये, घर रिकामं आहे'. मी घर सोडलं त्या आठवड्यात त्याने ते लिहिलं होतं. गावोगावच्या बायकांना ऐकवलं, मला मात्र एक फोन केला नाही. आता वाजवणार तो आणि माझी विनवणी करणार मी, माझ्याच तोंडाने.

पहिले प्रयत्न लाळेत गेले. दाढांतलं सिमेंट निघेल की काय असं वाटलं. मग एकदा जमलं. वेंडल कीबोर्डवरून मान वर करत नव्हता. स्पीकरमधून तोच आला, जसाच्या तसा, तरणाताठा. त्याने टॉवेलमध्ये तोंड खुपसलं.

रेकॉर्डिंग पाठवलं आणि तासाभरात ग्रिमशॉ फोनच्या पडद्यावर. "वेंडल! हाच तो आवाज! तू म्हातारा झालाच नाहीस!" आणि त्याच दमात, "एप्रिलमध्ये लंडनला कार्यक्रम. कव्हरवर फोटो, दातांत नळी धरलेला."

मार्कीस माझ्या कानाशी लागला. "अंकल स्टेजवर नुसतं तोंड हलवतील. तुम्ही पडद्यामागे."

"त्याच्या मागे मी भरपूर उभी राहिले," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले. "ते खातं बंद."

वेंडलची डावी भुवई चढली. खोटं बोलण्याआधी ती चढतेच. मी पर्स उचलली.

तेवढ्यात त्याने अंगठा तोंडात घातला, कवळी काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. काहीतरी बोलला. ग्रिमशॉला कळलं नाही. वेंडल पुन्हा बोलला, मोठ्याने. थुंकी उडाली, शब्द नाही. तिसऱ्यांदा बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला प्रत्येक अक्षर कळत होतं.

पर्स खाली ठेवून मी त्याच्या शेजारी बसले. "तो म्हणतोय, हात त्याचे, तोंड माझं. दोघांची नावं घाला. नाहीतर अल्बम काढू नका."

ग्रिमशॉ कितीतरी वेळ कवळीकडे बघत राहिला. "मला आमच्या लोकांशी बोलावं लागेल. कळवतो." पडदा काळा झाला.

वेंडलने फोन कीबोर्डवर उताणा ठेवला. मी काटे काढून माशाचे तुकडे त्याच्यापुढे सरकवले. त्याने एकही खाल्ला नाही. बाहेर अंधारून आलं तरी फोन गप्पच.

"दुसऱ्या ओळीत तू घाई केलीस," तो कवळी बसवून म्हणाला.

"घाई नाही. तुझा हात मागे पडला."

"माझा हात?" त्याने फोनकडे पाहिलं, मग नळी पुसून माझ्यासमोर धरली. "घे, परत एकदा."