पायांचा कळप

पाला तोडताना मसाजी बाभळीवरून कमरेवर पडला अन् पाय लुळे झाले, त्याला चार महिने झाले. डोंगरकडा गावातल्या आपल्या अंगणात, आधाराला बांधलेल्या दोन आडव्या बांबूंच्या मधोमध तो उभा होता, आणि पलीकडं मेंढरांच्या वाड्याची जाळी गुंडाळली जात होती. आठ महिन्यांच्या भटकंतीला कळप आज निघणार. जन्मात पहिल्यांदा मसाजीबिगर. निदान वेशीपर्यंत पोचवायला जावं, एवढ्यासाठी त्याचा जीव तगमगत होता.

"उजव्या, उचल! डाव्या, तू थांब की लेका!"

पाय मातीत रोवल्यासारखे.

"काका, रागवू नका त्यांच्यावर," कळमनुरीहून व्यायाम शिकवायला येणारी अंजली म्हणाली. "तुमच्या सगळ्या नसा तुटल्या नाहीत. कमरेच्या मणक्यात नसांचं एक जाळं असतं. हा पाय उचल, तो टेकव, हा ताल तेच धरतं. डोक्यानं नुसतं 'चल' म्हणायचं."

"डोक्याबिगर पाय चालत्यात? गंमत करून राहिल्या व्हय ताई?"

"काहून न्हाई?" त्याची बायको पंचफुलाबाई जाळीची गाठ आवळत म्हणाली. "मुंडकं उडालेलं कोंबडं जत्रेत रिंगण घालत पळालं, तवा पोट धरून कोण हसलं व्हतं? अन् मेंढरांना काय एकेक खूर सांगता का, आता ह्यो उचल म्हून?"

मसाजीनं वाड्याकडं पाहिलं. हाक एकच असते, गळ्यात घंटी बांधलेल्या म्होरक्या मेंढ्याला. बाकीचा कळप आपला आपण वाहत येतो.

तेवढ्यात धाकटा भाऊ प्रभू घामाघूम होऊन आला. "दादा, टिळ्या हलंना! वढलं, ढकललं, चार पाय रोवून उभा हाय."

टिळ्या म्हणजे तोच घंटीचा मेंढा. मसाजीच्या हाकेशिवाय त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. ऊन चढत होतं, मेंढरं कालवा करत होती.

"हुर्रर्र... टिळ्याऽऽ, चल रं बाबा!" मसाजी पुढं झुकून ओरडला.

घंटी वाजली. धुळीतून मेंढरं निघाली. आणि तिकडंच डोळे लावलेल्या मसाजीचा उजवा पाय पुढं पडला. मग डावा. उजवा. डावा.

"अवो, पाय! पाय चालून राहिले!" पंचफुलाबाई किंचाळली.

मसाजीनं खाली पाहिलं. पाय जागच्या जागी थिजले.

"काकू, दाखवलंत कशाला!" अंजलीनं कपाळावर हात मारला.

घंटी नाल्यापार गेली, बारीक झाली, मग ऐकूच येईना. वेशीपर्यंत जायचं राहिलंच. पण मसाजीच्या पोटऱ्या अजून थरथरत होत्या, थांबवल्या तरी थांबेनात. त्यानं बांबूचं टोक चाचपलं.

"पंचफुले, ह्याला म्होरं अजून बांबू बांध."

"कुठवर?"

"वेशीपस्तोर," तो म्हणाला. "अन् उद्या वरडू नको."