धुरातला गुलाबी पक्षी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. आता मी जे सांगणार आहे, त्यावर या सभागृहात बसलेल्या तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला, तर मलाच तुमची काळजी वाटेल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या काचा इतक्या बारकाईने घासल्या होत्या की पहिल्याच दिवशी खिडकीतून मला पुढच्या आठवड्यातला मंगळवार दिसला. पुढे अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये, क्लॅमथच्या दलदलीपाशी राहणाऱ्या इर्माने मला घेतले. फ्लॅनेलच्या सदऱ्याच्या टोकाने ती मला पुसायची आणि चारचौघांत माझे कौतुक करायची. माझ्यातून तिने गरुड पाहिले, हंस पाहिले, शेजाऱ्याकडे जेवायला काय शिजते आहे तेही पाहिले. उपेक्षाही वाट्याला आली. दोन हिवाळे मी ट्रकच्या सीटखाली कॉफीच्या रिकाम्या पेल्यांशेजारी काढले आणि कुत्र्याने माझा पट्टा चावला. पण ते जाऊ द्या. मला सांगायचे आहे ते धुराच्या त्या सकाळविषयी.

डोंगरातले जंगल पेटले होते. दलदलीवर धूर असा बसला होता की बदके उडायचे सोडून, एकमेकांच्या शेपट्या चोचीत धरून, बांधावरून चालत घरी निघाली होती. घुबडांना वाटले रात्र झाली; ती बिचारी कामावर हजर झाली. शहाणी माणसे खिडक्या लावून घरात होती. पण इर्मा, डोरीन आणि रॉस्को हे तिघे मित्र दर उन्हाळ्यातल्या शेवटच्या शनिवारी बांधावर पक्षी पाहायला येत, आणि "आज नको" म्हणायला कोणीच तयार नव्हते.

रॉस्कोने लाकडं कापायच्या सॉ मिलमध्ये भुसा गिळत आयुष्य काढले होते. धुरात पाऊल टाकू नकोस, असे डॉक्टरने त्याला बजावले होते.

"निदान मास्क तरी लाव," डोरीन म्हणाली.

"मास्क लावला तर बदकं मला ओळखणार नाहीत," रॉस्को म्हणाला.

या तिघांचा एक नियम होता. पक्षी तिघांनी पाहिला तरच तो पाहिला. एकाचा राहिला, तर तो कोणाचाच नाही.

इर्माने मला डोळ्यांना लावले आणि ती थबकली. उथळ पाण्यात उंच पायांचा, लांब मानेचा एक पक्षी उभा होता. गुलाबी!

"अगं, फ्लेमिंगो!"

"इथे? वेड लागलंय तुला." डोरीनने मला ओढून घेतले. "अगं बाई! खरंच गं, गुलाबी आहे."

त्या भागात असा पक्षी कोणी कधी पाहिलाच नव्हता. रॉस्कोने मला घेतले, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्याला दूरचे काही दिसेना. तो खोकला, आणि पुन्हा खोकला. दर खोकल्यानंतर श्वास परत यायला आधीपेक्षा जास्त वेळ लागत होता. त्याचे ओठ निळसर झालेले इर्माने पाहिले.

"चल. घरी जायचं," ती म्हणाली.

"तुम्ही दोघींनी पाहिला आणि माझ्यामुळे तो बुडवू? जरा थांब, दिसेल मला."

पक्षी सोडावा तर तो तिघांचाही जाणार. थांबावे तर रॉस्को जाणार. हताश होऊन इर्माने मला हातात घेतले आणि सहज डोरीनकडे वळवले. डोरीनचे केस कापसासारखे पांढरे. माझ्यातून ते गुलाबी दिसत होते! धुराआडच्या लाल सूर्याने जे जे पांढरे, ते सारे रंगवून ठेवले होते.

"रॉस्को, तो बगळा आहे रे. आपला रोजचा पांढरा बगळा."

"थापा मारू नकोस, इर्मे. मला घरी नेता यावं म्हणून बोलतेयस."

इर्माने मला त्याच्या गळ्यात अडकवले. "डोरीनच्या डोक्याकडे बघ."

त्याने डोळे पुसून पाहिले. "डोरीन! या वयात केस रंगवलेस?" म्हणत तो हसू लागला. हसताना खोकला आला आणि तो गुडघ्यांवर बसला. श्वास आत जाईना. ट्रक बांधाच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि धुरात ते टोकच दिसत नव्हते.

मित्रांनो, आमच्या काचा पुसत जा, तुटका पट्टा बदलत जा. आणि सोबत्याला धाप लागली, तर पक्षी तिथेच सोडा. पक्षी पुन्हा येतात.

आता पुढचे ऐका. दोघी तर रडायच्या बेतात होत्या. शेवटी मीच पुढाकार घेतला. सगळा धूर मी एका नळीने आत ओढला आणि दुसऱ्या नळीने पार शेजारच्या नेवाडा राज्याकडे सोडून दिला. वाट लख्ख उघडली. रॉस्को टुणकन उठला आणि शीळ घालत ट्रककडे चालत—

"ए खोटारडे!" सभागृहातल्या मागच्या बाकावरून रॉस्को ओरडला. "शीळ कुठली घालतोय मी? तू माझ्या गळ्यात लोंबत होतीस आणि मी इर्माच्या पाठीवर. दुखऱ्या गुडघ्यानं तिनं मला ट्रकपर्यंत वाहून नेलं. आणि वाटभर शिव्या देत होती, मी श्वास घ्यायचं विसरू नये म्हणून!"