कुंतीची अट

शेजारच्या कुंतीने पालथ्या बादलीवर कागद पसरला, उडू नये म्हणून कोपऱ्यावर खुरपं ठेवलं आणि पेन्सिल इंद्राणीपुढे धरली.

“सही करा, वैनी.”

इंद्राणीने आधी कागद वाचून घेतला. नुव्हेल फ्रांस गावच्या त्या ओल्या चढावरची जागा तिच्या सासरची. आंथुरियमच्या फुलांची पहिली रोपं मात्र कुंतीने आपल्या मामाकडून, थेट बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या पांपलमूसहून, गोणपाटात गुंडाळून आणली होती. सावलीचा मांडव दोघींनी मिळून घातला होता. रोपांत दोघींचा अर्धा-अर्धा वाटा, हे तर आठ दिवसांपूर्वीच ठरलं होतं.

“अर्धा आहेच,” कुंती म्हणाली, “पण एकदम हातात यायचा नाही. वर्षभर काम केलं की त्यातला पाव भाग पक्का. दुसऱ्या वर्षी आणखी पाव. चार वर्षांनी सगळा. मधेच जी सोडून जाईल तिने पक्का झालेला तेवढाच न्यायचा. बाकीचा राहणारीचा.”

“आणि वर्ष भरायच्या आत गेली तर?”

“तर रिकाम्या हाताने.”

“माझा भरवसा नाही होय तुला?”

“तसं नाही हो.”

मग कसं, ते तिने सांगितलं नाही. इंद्राणीने सही केली खरी, पण तो कागद तिच्या डोक्यातून जाईना. अट जाणारीला नडणार. आपण तर इथेच नांदतो, कुठे जाणार? मग ही पोर कुणाला बांधून घेते आहे?

“लग्न ठरलं असेल तिचं,” नवरा बलराम म्हणाला.

तेव्हापासून इंद्राणी कुंतीकडे कोण पाहुणे येतात त्यावर लक्ष ठेवू लागली. पाहुणे काही आले नाहीत. कुंती मात्र रोज सकाळी येई, उसाची चिपाडं कुजवून रोपांच्या बुडाशी घाली, फुटवे वेगळे करी. सोळा महिन्यांत चारशे रोपं झाली. क्युरपीप शहरातला एक फूलवाला येऊन बघून गेला. एवढी रोपं असतील तर दर आठवड्याला गाडी धाडतो, म्हणाला.

त्यानंतरच्याच रविवारी कुंतीचा भाऊ देवराज लॉरी घेऊन आला.

“दोनशे रोपं भरायचीत, वैनी. कुंती विलायतेला चाललीय, नर्सचं काम शिकायला. पुढच्या महिन्यात बोट आहे. तिचा अर्धा वाटा मी नेतो.”

इंद्राणीच्या हातातली झारी कलंडली. पाणी पायावरून वाहत गेलं तरी ती तशीच उभी राहिली. दोनशे गेली, तर उरलेल्या दोनशेंसाठी फूलवाला कशाला हा चढ चढेल?

लॉरीतून कुंती उतरली. इंद्राणीकडे न बघता तिने पदराआडून कागद काढला.

“पन्नास, दादा.”

“अगं, रोपं तर आपल्या मामाची!”

“वर्ष एकच पुरं झालंय. पन्नासच.”

देवराजने कागद वाचला, उलटून पाहिला.

“असली अट घातली कुणी?”

“मी.”

तो लॉरीच्या पायरीवर जाऊन बसला आणि त्याने सिगारेट पेटवली.

दोघी मांडवात गेल्या. कुंड्या सरकवू लागल्या.

“अर्ज कधी केला होतास?” इंद्राणीने विचारलं.

“मांडव घालायच्या आधी. त्याआधी दोनदा तिकडून नकार आला होता. या वेळीही तेच होईल, वाटलं होतं.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं असतं, तर तुम्ही सुरू केलं असतं?”

इंद्राणीने खरोखरच विचार केला. नसतं केलं.

कुंती मागच्या ओळीतली खुरटी रोपं तेवढी वेचून घेत होती. इंद्राणीने तिच्या हातातलं एक काढून घेतलं, जागेवर ठेवलं आणि पुढच्या ओळीतलं लाल कळीचं रोप तिला दिलं. मग आणखी एक बदललं.

“वैनी, नको.”

“पन्नासच होतायत ना?”

लॉरी भरून झाली तरी कुंती गाडीत चढेना. इंद्राणीने पदराने हात पुसले.

“किती दिवस लागतात गं बोटीने?”

“महिनाभर म्हणतात.”

“आणि इतके दिवस पाण्यावर माणसं करतात तरी काय?”

कुंतीने वाट बघत बसलेल्या भावाकडे एकदा पाहिलं. मग ती बांधावर बसली आणि बोटीबद्दल जे जे ऐकलं होतं ते सांगू लागली.