तूदा मावशीची हनुवटी

सुन्दुसच्या कलेक्शनचं नाव होतं ‘कबिला’. कुठला कबिला, हे विचारायचं नाही. विचारलं की ती डोळे मिटून बोटं हवेत फिरवायची आणि म्हणायची, "कुठलाही नाही गं. सगळेच. तो एक भाव आहे."

कासाब्लांकाच्या आमच्या फॅशन कॉलेजात शेवटच्या वर्षी गट पाडतात. एकजण कपडे करतो, एकजण फोटो काढतो, एकजण मेकअप आणि केस बघतो. मेकअप आणि केस माझ्याकडे आले. आले कसले, सुन्दुसने मला मागून घेतलं. मी खेनिफ्राच्या वरच्या डोंगरातली, अमाझिग जमातीची, नाव इट्टो. तिला एवढं पुरेसं होतं. "तुझ्या तर रक्तातच आहे हे!" ती म्हणाली. माझ्या रक्तात त्या वर्षी लोह कमी होतं आणि मी त्याच्या गोळ्या खात होते. पण ते तिला सांगून काय उपयोग?

तिचे वडील फरशांचे कारखानदार, घर समुद्रासमोर. डोंगर तिने पाहिला होता तो बर्फावर घसरायला गेली तेव्हा, हॉटेलच्या काचेतून. कलेक्शनसाठी तिने फोटोंचा फळा केला होता, त्यावर जगातले सगळे उघडे लोक टाचलेले होते. कुणाच्या डोक्यात पिसं, कुणाच्या गळ्यात कड्यांची चळत, कुणाच्या नाकात हाड, कुणाच्या डोळ्यांवरून लाल पट्टा ओढलेला. आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, आमच्याकडची एक म्हातारी. हनुवटीवर गोंदण, नजर अशी की फोटो काढणाऱ्याला आत्ता दगड मारेल.

"हे सगळं एकाच चेहऱ्यावर?" मी विचारलं.

"एकाच कशाला? सहा मॉडेल आहेत."

"हाडं कुठून आणायची?"

"तुमच्याकडे ईदनंतर पडलेलीच असतील ना?"

ती थट्टा करत नव्हती. सुन्दुसला थट्टा करता येत नाही. देवाने तिला बाकी सगळं दिलं.

पहिली चाचणी रीम नावाच्या मॉडेलवर झाली. बिचारीच्या केसांत मी चिखल थापला, कपाळभर पांढरे ठिपके दिले, डोळ्यांखाली लाल पट्टा ओढला. रीम आरशात बघून म्हणाली, "मी कोण आहे?" मी म्हटलं, "भाव आहेस." ती हसली आणि वाळलेल्या चिखलाचा पोपडा तिच्या कॉफीत पडला.

आमच्या प्राध्यापिका मादाम विदाद. मानेभोवती बारा महिने रेशमी रुमाल, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं आपलीच अक्कल कमी. त्यांनी रीमभोवती फेरी मारली. "ऊर्जा आहे," त्या म्हणाल्या. "पण सत्य कुठे आहे, सुन्दुस? मला सत्य दिसत नाही."

सुन्दुस दिवसभर सत्य शोधत कॅन्टीनमध्ये बसली. संध्याकाळी ते तिला सापडलं. धावत माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "खऱ्या बायका! गोंदणवाल्या! रॅम्पच्या कडेला नुसत्या बसवायच्या, दगडासारख्या. तुझ्या गावात असतील ना अजून?"

"असतील ना म्हणजे? ती काय जनावरांची जात आहे?"

"रागावू नकोस गं. मी त्यांचा सन्मानच करतेय."

मी आईला फोन केला तो दोघींनी मिळून हसावं म्हणून. आई हसली नाही. "समुद्र दाखवणार का?" तिने विचारलं. "हॉटेलात उतरवणार? मग मी येते. तूदालाही आणते. आणि हद्दा हे ऐकून मागे राहणार आहे का?" तूदा माझी मावशी, हद्दा शेजारीण. मी पुष्कळ समजावलं की तिथे तुम्हाला नुसतं शोभेला बसवणार आहेत. आई म्हणाली, "इथे तरी काय नाचवतात?"

शोच्या आदल्या दिवशी तिघी बसमधून उतरल्या. बरोबर भाकऱ्यांचं गाठोडं, लोण्याचा डबा आणि हद्दाचं गुडघ्याचं मलम. सुन्दुस स्टँडवर हजर, एका हातात फोन धरून शूटिंग चाललेलं. दुसऱ्या हाताने तिने तिघींना मिठ्या मारल्या, गालांचे मुके घेतले. मग जरा मागे सरून नीट पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. आईच्या अंगात चित्त्याच्या ठिपक्यांचा लोकरी झगा होता. तूदा मावशीने पायघोळ जलाब्यावर गुलाबी स्वेटर चढवला होता. हद्दाच्या पायात मुलाचे खेळाचे बूट होते.

"यांचे खरे कपडे कुठे आहेत?" सुन्दुसने मला फ्रेंचमध्ये विचारलं.

"हेच."

"काय म्हणते ती?" मावशीने मला विचारलं.

"म्हणते, दमला असाल."

"गुणाची पोर आहे," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघी हमामला गेल्या आणि घासून-घासून लाल होऊन आल्या. मेकअपच्या खोलीत ही गर्दी. आमच्या सहा मॉडेल, शेजारी दुसऱ्या गटाच्या नवऱ्या नटत होत्या. त्यांचा विषय ‘आजची वधू’. तूदा मावशी त्या नवऱ्यांकडे अशी बघत होती की मला तिच्याकडे बघवेना.

सुन्दुस सूचना देत आली. "यांना मेकअप काही नको. गोंदण फक्त काजळाने गडद कर. केस विस्कटून घे, त्यात थोडी धूळ घाल. वाऱ्यातून आल्यासारखं वाटलं पाहिजे." एवढं बोलून ती दिव्यांचं बघायला गेली.

मी या वेळी तिघींना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"धूळ?" हद्दा उभीच राहिली. "सकाळपासून अंग घासून कातडी सोललीय मी! धूळ काय, घरी नव्हती?"

"वाऱ्यातून आलो म्हणे," आई म्हणाली. "बसमधून आलो, चांगल्या खिडकीच्या जागा होत्या."

 तूदा मावशी सरळ माझ्या खुर्चीत येऊन बसली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि शेजारच्या नवरीकडे बोट केलं. "तसं कर." मग हनुवटी वर केली. "आणि हे घालव."

खालच्या ओठापासून गळ्यापर्यंत उतरणारी रेघ, दोन्ही बाजूंना फांद्या, मधे ठिपके. लहानपणापासून मी ते तिच्या चेहऱ्यावर पाहत आले होते, नाकडोळे पाहतो तसं.

"मावशी, तुझं गोंदण सुंदर आहे," मी म्हटलं. म्हणताना माझा आवाज अगदी सुन्दुससारखा निघाला आणि माझी मलाच किळस आली.

"तुला सुंदर दिसतं, तुझ्या हनुवटीवर नाही ना," ती म्हणाली. "मला विचारलं होतं का कुणी? आत्याने मांडीत डोकं दाबून धरलं, दुसरीने सुईने टोचलं आणि वरून काजळी आणि पाला चोळला. ताप आला मला. मग सगळ्या म्हणाल्या, आता तू बाई झालीस. बरं, झाले. पुढे त्याच बायका म्हणायला लागल्या, हे पाप आहे, मेल्यावर जाब द्यावा लागेल. आणि मेकनेसला माझ्या बासूचा साखरपुडा झाला ना, तर सुनेच्या आईने भर बायकांत विचारलं, ही हिरवी दाढी कुणाची? मला स्वयंपाकघरात बसवलं गं. पोराच्या साखरपुड्याच्या एकाही फोटोत मी नाही."

हद्दा चुकचुकली. आई खाली बघत होती. ही गोष्ट मला कुणी कधी सांगितली नव्हती.

"लग्नाआधीपासून मी माझी हनुवटी बघितलेली नाही," मावशी म्हणाली. "एक दिवस बघू दे."

मी पेट्या उघडल्या. हिरव्या-निळ्या रंगावर नुसतं फाउंडेशन लावलं तर वरून राखेसारखं दिसतं. आधी खाली नारिंगी रंग थोपटायचा, पावडर बसवायची, मग कातडीच्या रंगाचा पातळ थर, परत पावडर, परत थर. घाई केली की पोपडे धरतात. रेघेची एकेक फांदी माझ्या बोटाखाली बुजत गेली. मावशीने श्वास रोखून धरला होता. मग डोळे, भुवया, ओठांना डाळिंबी रंग. केस धुतलेलेच होते. ते वाळवून मोठ्या गोल ब्रशने वळवले आणि मागे सैल अंबाडा घातला. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत एवढं चांगलं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

तिने आरसा हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"लांब आहे जरा," ती म्हणाली.

"काय?"

"हनुवटी. मला वाटायचं गोल आहे." आणि ती अशी हसली की नवऱ्या नटवणाऱ्या मुलीही वळून बघायला लागल्या.

हद्दाने खोट्या पापण्या मागितल्या आणि दोन्ही डोळ्यांना दोन-दोन थर लावून घेतले. आईला मी विचारलं, "तुझंही झाकू?" ती म्हणाली, "हात लावू नकोस. तुझा बाप ह्याच्यावरच भाळला. बाकी त्याला कळतं काय! केस मात्र टीव्हीवरच्या बातम्यावाल्या बाईसारखे कर, सरळ, आणि ते हलले पाहिजेत."

केस हलत होते तेवढ्यात सुन्दुस आली. आधी तिला तूदा मावशी दिसलीच नाही. डोळ्यांनी शोधत राहिली. मग सापडली.

"हे काय केलंस तू? कुठे गेलं ते? इट्टो, तू तिला पुसून टाकलंस! ही आता कुणीही वाटतेय! कुठलीही बाई!"

मी हे मावशीला सांगितलं. "अल्लाची कृपा," मावशी म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत आणखी घट्ट बसली.

"धुवून काढ. आत्ताच्या आत्ता."

"तिचा चेहरा आहे, तिला विचार."

"मी त्यांच्या संस्कृतीसाठी सहा महिने घालवले!"

"काय म्हणते?" आईने विचारलं. मी सांगितलं. आईने सुन्दुसला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "पोरी," ती तिला समजेल अशा मोडक्या अरबीत म्हणाली, "तुला एवढं आवडतं तर तूच गोंदवून घे. हद्दाला येतं. सुई आहे माझ्याकडे."

हद्दाने दोन-दोन थरांच्या पापण्या फडफडवून होकार दिला. सुन्दुस दोन पावलं मागे गेली. मग तिने माझी काजळाची पेन्सिल उचलली, रीमला दिव्याखाली ओढलं आणि फळ्यावरच्या म्हातारीचा फोटो बघून स्वतःच रीमच्या हनुवटीवर गोंदण काढायला लागली. फोटो तिने उलटा धरला होता. फांद्या गळ्याकडून ओठाकडे चढल्या. आई भिंतीला टेकून इतकी हसली की तिच्या नव्या केसांचा भांग मोडला. रीमला सांगायला माझं मन धजेना, तिच्या नाकात आधीच हाड होतं.

शो झाला. ढोल वाजले, सहाजणी जगातल्या सगळ्या जमातींचे उष्टे रंग फासून चालून गेल्या. कडेला तीन स्टुलांवर आमच्या तिघी. दगडासारखं बसायचं होतं. तूदा मावशीने स्टूल ओढत-ओढत सरळ उजेडात नेलं आणि पहिल्या रांगेतल्या लोकांना हात केला. त्यांनीही केला. मी पडद्याआडून सुन्दुसचं तोंड बघत होते. फार दिवसांनी इतकं बरं वाटत होतं.

ते टिकलं नाही. निकाल लागला आणि पहिला नंबर सुन्दुसचा. मादाम विदाद माईकवर आल्या तेव्हा त्यांचा गळा भरून आला होता. त्या म्हणाल्या, एक चेहरा गोंदलेला, एक पुसलेला, आणि तरुण मुलीच्या हनुवटीवर उलटलेली परंपरा! विस्मृतीवर एवढं धाडसी भाष्य आपल्या विद्यार्थ्यांत आजवर कुणी केलं नाही. मी सुन्दुसकडे पाहिलं. क्षणभर ती गोंधळली, मग हळूच डोळे मिटून तिने मान हलवली, जणू हे सगळं तिला सहा महिन्यांपासून दुखत होतं. माईक हातात आल्यावर ती म्हणाली, "तो चेहरा पुसताना माझे हात थरथरत होते."

तिचे हात! मी बोलले काही नाही. त्या खोलीत बोलले असते तर त्यालाही त्यांनी भाष्यच म्हटलं असतं. माझ्या गुणपत्रिकेवर मादामनी शेरा दिला: काम स्वच्छ, कल्पकता कमी.

दुसऱ्या दिवशी मी तिघींना समुद्र दाखवला. आई घोट्यापर्यंत पाण्यात गेली. हद्दाची एक पापणी वाऱ्याने उडाली. तूदा मावशी लांबच उभी राहिली, तोंडावर पाणी उडून रंग जाईल म्हणून. रात्री ती उताणी झोपली होती, उशीला गाल न लावता. सकाळी मी परत थोडी पावडर बसवून दिली.

जाताना बस मेकनेसवरून होती. मावशी तिथे मधेच उतरली, व्याह्यांकडे जाऊन येते म्हणाली. आई आणि हद्दा तिच्या मागून उतरल्या, एकटीला कसं सोडणार? पुढचं मला आईने फोनवर सांगितलं.

सुनेच्या आईने दार उघडलं आणि ओळखलंच नाही. ओळखल्यावर मात्र पुढच्या खोलीत नेऊन बसवलं, बदामाच्या वड्या, पुदिन्याचा चहा, चांगले पेले. "किती छान दिसताय! डॉक्टरकडून काढून घेतलंत ना? मी म्हणतच होते." सुनेला हाक मारली, म्हणाली, सासूबाईंबरोबर आपला फोटो काढ.

मावशीने चहा संपवला. मग पिशवीतून रुमाल काढला, पेल्याच्या तळाशी उरलेल्या चहात बुडवला आणि सगळ्यांसमोर हनुवटी चोळायला लागली. सावकाश, अंग घासल्यासारखी. आधी नारिंगी निघालं, मग खालून हिरवं आलं. "हं," ती म्हणाली, "आता काढा."

"काढला?" मी आईला विचारलं.

"सुनेने काढला. तिची आई उठून आत गेली."

"आणि मावशी?"

"बसमध्ये रडली थोडी. मग म्हणाली, इट्टोला सांग, त्या डब्या पाठवून दे. हद्दाच्या भाचीचं लग्न आहे, तेव्हा लावीन. तिथे कुणी काही म्हणत नाही, पण मला वाटलं तर लावीन."

मी डब्या पाठवल्या. खाली नारिंगी, वर पावडर, मग थर, घाई करायची नाही, हे आईला फोनवर दोनदा समजावलं. ती म्हणाली, "कळलं गं. शिकवू नकोस."