डॉक्टरीणबाईंची बाजू

पार्ल्यात सकाळी दूध घेताना एखादी कुजबुज निघाली, की दुपारपर्यंत ती खरी ठरलेली असे! १९५४च्या हिवाळ्यात डॉक्टर क्षमा यांच्या बाबतीत हेच झालं. लहानसं प्रसूतिगृह चालवणाऱ्या या अविवाहित बाईंवर बेकायदा गर्भपाताचा खटला भरला गेला. ‘पैसे घेऊन पोटं पाडते,’ अशी वर्दी कोणीतरी पोलिसांत दिली होती.

जामिनावर सुटल्या सुटल्या त्या शरच्चंद्र वकिलांकडे आल्या.

“मी दिवाणी कामं करतो, बाई. दुसरा कोणी पाहा,” वकील त्यांच्याकडे न बघताच म्हणाले.

“सगळे हेच सांगतात,” एवढंच बोलून क्षमाबाई निघून गेल्या.

वकिलांची पत्नी कुंदा दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली.

“अहो, नेमकं काय घडलं, ते तरी विचारलंत का त्यांना?”

“विचारायचं काय त्यात? सगळं पार्लं बोलतंय!”

“मग कोर्टं बंद करा आणि पार्ल्यालाच निकाल द्यायला सांगा! चोराचीही बाजू तुम्ही लोक मांडता ना? आपली उत्तरा जन्मताना आडवी आली होती, तेव्हा माझा जीव याच बाईंच्या हातात होता. तेव्हा तुम्हीच त्यांचे पाय धरायला निघाला होतात.”

“पण लोक आपल्याकडे कसे बघतील, कुंदा?”

“आज त्यांच्याकडे बघतात तसे. त्या एकट्याच सोसतायत. आपण तर दोघं आहोत.”

उत्तराच्या वेळचा तो जीवघेणा दिवस वकिलांना आठवला, आणि स्वतःची लाज वाटली. त्याच संध्याकाळी ते प्रसूतिगृहात गेले आणि प्रथमच त्यांनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

खटला जिच्यावरून होता, त्या वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या सगुणाला पाचव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला होता. तिच्या नवऱ्यानं, भिकाजीनं, तिला बैलगाडीत घालून आणलं, तेव्हा नाडी जेमतेम लागत होती. मोठ्या इस्पितळात नेण्याइतका वेळ नव्हता. गर्भ काढला, म्हणूनच बाई वाचली.

“अहो, मग हा गुन्हाच नाही!” वकील उसळून म्हणाले. “आईचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलं असेल, तर कायदाच सूट देतो. पण सगुणानं हे कोर्टात सांगायला हवं.”

दुसऱ्या दिवशी ते वेसाव्याला गेले. त्यांनी काहीही लपवलं नाही. “कोर्टाला पटलं नाही, तर सगुणाबाईंवरही खटला होऊ शकतो,” ते म्हणाले.

जाळं विणणाऱ्या भिकाजीचे हात थांबले. “नको, साहेब. हिलाच आत टाकतील. पोरांना कोन बघील?”

“आन डॉक्टरीण बाय नसती, तर आज पोरांना कोन बघला असता?” सगुणा घरातून म्हणाली. “मना कोर्टात न्या, साहेब. मी बोलीन.”

खटला उभा राहिला. क्षमाबाई पैसे घेऊन पोटं पाडतात, अशी छातीठोक साक्ष त्यांच्या शेजाऱ्यानं दिली. वकिलांनी त्याला एवढंच विचारलं, “तुम्ही स्वतः काय पाहिलंत?”

“पाहिलं नाही... पण लोक बोलतात.”

सरकारतर्फे आलेल्या डॉक्टरांनीही कबूल केलं, की त्या अवस्थेत वाट पाहिली असती, तर बाई दगावली असती.

मग सगुणा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली.

“तुला मूल नको होतं, खरं ना?” सरकारी वकिलांनी विचारलं.

“नको व्हता?” ती कळवळून म्हणाली. “मी पाळना रंगवून घेतलेला, साहेब! बाय बोलली, सगुणा, दोघांना नाय वाचवता येत. मी रडले. ती पन रडली. मंग तिनं मना वाचवलं.”

न्यायाधीशांनी क्षणभर लेखणी खाली ठेवली.

क्षमाबाई निर्दोष सुटल्या!

बाहेर येताच त्या वकिलांना हात जोडू लागल्या. वकिलांनी त्यांना थांबवलं. “मला नको. मी तर तुम्हाला दारातून परत पाठवलं होतं. सगुणाबाईंचे आभार माना.”

क्षमाबाईंनी सगुणाला जवळ घेतलं. भिकाजी बाजूला तोंड फिरवून डोळे पुसत राहिला.

कुंदानं सगळ्यांना घरी जेवायला नेलं. पंगतीत क्षमाबाई आणि सगुणा शेजारी शेजारी बसल्या. शेजारपाजारचे खिडक्यांतून बघत होते, आणि कुंदानं खिडकी मुद्दाम उघडीच ठेवली होती. जेवणानंतर तिनं खण-नारळानं सगुणाची ओटी भरली. “लेकराचं दुःख मोठं आहे गं,” ती म्हणाली, “पण तू आहेस, हे आमचं भाग्य.” सगुणा तिच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

वाचकहो, कोर्टाचा निकाल महिन्यांनी लागतो, आपला मात्र चहाचा कप रिकामा होण्याआधी लागतो! ज्यानं आपला जीव वाचवला, त्याच्यावर बालंट आलं, तर निदान त्याची बाजू ऐकून घेऊ या. आरोप झाला म्हणजे गुन्हा झाला, असं नव्हे. आणि आपल्यावरचे उपकार नुसते मनात ठेवून भागत नाही. वेळ येईल तेव्हा ते चारचौघांत उभं राहून बोलून दाखवावे लागतात.