अधिवेशनाला नेलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी बाजाची पेटी आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ते धुळ्यातल्या नर्सिंगच्या वसतिगृहापासूनचे. तिथे इंदिराबाई मला वाजवत आणि त्यांची मैत्रीण भिकुबाई प्रार्थनेची गाणी गात. भिकुबाईंचा आवाज लागला की शेजारच्या वॉर्डातले रुग्णही गप्प होऊन ऐकत.

पुढे भिकुबाई लग्न होऊन नवऱ्याबरोबर नैरोबीला गेल्या. इंदिराबाईंना जळगावच्या दवाखान्यात नोकरी लागली. काही वर्षे पत्रे आली, मग थांबली. मी कपाटावर गेले. उंदरांनी माझा भाता कुरतडला.

यंदा जळगावात ख्रिस्ती मंडळ्यांचे आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरणार होते. नैरोबीहून येणाऱ्यांच्या यादीत भिकुबाईंचे नाव आहे, असे चर्चच्या पाळकांनी सांगताच इंदिराबाईंनी मला दुरुस्तीला नेले. सत्तरी उलटलेली ती बाई महिनाभर रोज सराव करत होती.

अधिवेशनाच्या दिवशी मंचावर कीबोर्ड होता. स्वयंसेवक हितेंद्रने मला मागच्या तंबूत ठेवायला सांगितले. तिथेच भिकुबाई आल्या, गळ्याला रुमाल बांधून, मुलगी रूपाचा हात धरून. दोघी मैत्रिणी कितीतरी वेळ मिठीत होत्या. मग इंदिराबाई एकेक विचारत राहिल्या आणि भिकुबाई नुसत्या हसत राहिल्या.

"बोल ना वं माय, काब्रं चूप शेस?" गप्प का आहेस, असे इंदिराबाईंनी शेवटी अहिराणीतच विचारले.

रूपाने हळूच सांगितले की आईच्या घशाला कर्करोग झाला होता. ऑपरेशनमध्ये आवाज गेला, त्याला दोन वर्षे झाली. मग कळवले का नाही, असे इंदिराबाईंनी रागानेच विचारले. भिकुबाईंनी पिशवीतून वही काढली, लिहिले आणि पुढे केली. इंदिराबाईंनी ते मोठ्याने वाचले.

"कळवलं असतं तर तू पेटी आणली नसतीस."

मग भिकुबाई माझ्यासमोर बसल्या आणि माझा भाता हलवू लागल्या. इंदिराबाईंनी दोन्ही हातांनी जुने गाणे धरले. जन्मात कधी न गायलेल्या इंदिराबाई फाटक्या आवाजात गायल्या. भिकुबाईंचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. तिसऱ्या कडव्याला भाता थांबला. भिकुबाई माझ्यावर डोके टेकून रडत होत्या, आणि त्या रडण्यालाही आवाज नव्हता.

चार महिन्यांनी नैरोबीहून रूपाचा फोन आला. भिकुबाई गेल्या.

तेव्हापासून इंदिराबाईंनी मला उघडलेले नाही. दर रविवारी चर्चला निघताना त्या माझी धूळ पुसतात, खोळ सारखी करतात आणि जातात. पण मित्रांनो, नुसते पुसून पेटी जगत नाही. तुम्ही कधी त्यांच्याकडे गेलात तर त्यांच्यासमोर बसा, मला उघडायला सांगा. त्या नको म्हणतील. तरी बसून राहा.